कादंबरींतला सिंहगड

आमच्या घरीं माझ्या लहानपणीं एक कादंबरी होती आणि तिला मुखपृष्ठ नव्हतें. पहिलीं कांहीं पानें कोणी तरी हरवलीं होतीं आणि शेवटचीं दोन पानें खळ लावून चिकटविलेलीं होतीं. त्यामुळें त्या पुस्तकाचें नांव मला पुस्तकावरून कळलें नाहीं. तें माझ्या थोरल्या बहिणीच्या तोंडून कळलें. तिला आम्ही सगळीं अक्का म्हणतों. संध्याकाळीं परवचा म्हणून झाला कीं अक्का कंदील जवळ ओढून घेई आणि आम्हां धाकट्या भावंडांना एकेक प्रकरण वाचून दाखवी. कंदिलाच्या काचेवर काजळी धरूं लागली तरी ती पुसण्यासाठीं उठावयाला कोणी तयार नसे. या गोष्टीला आतां 65 वर्षें होऊन गेलीं.

ती कादंबरी म्हणजे हरि नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’. श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं ती वाचली असेल. ज्यांनीं वाचली नसेल त्यांनाही तिची कथा ठाऊक असतेच. कारण 1923 सालीं बाबूराव पेंटरांनीं तिच्यावरून मूकपट काढला, 1933 सालीं ‘प्रभात’नें बोलपट काढला, आणि या दोहोंमधून ती कथा न वाचणाऱ्यांच्याही घरांत शिरली. तानाजी मालुसऱ्यांच्या घरीं रायबाचें लग्न निघालें आहे. महाराजांचें बोलावणें येतें, तानाजी लग्न बाजूला ठेवतो, कडा चढून सिंहगड घेतो आणि तेथेंच पडतो. एवढी कथा तर मराठी मूल अक्षरओळख होण्यापूर्वीं शिकतें. परंतु हरिभाऊंनीं तिच्या जोडीला दुसरी एक कथा गुंफली. राजपुतान्यांत कमलकुमारी नांवाची एक विधवा सती जाण्यास निघाली आहे. तिला उदयभानु नांवाचा सरदार चितेवर चढूं देत नाहीं, बळानें आपल्याबरोबर नेतो, आणि पुढें सिंहगडाचा किल्लेदार होऊन आल्यावर तिला त्याच गडावर कोंडून ठेवतो. तो तिच्याशीं लग्न लावणार आहे. तानाजी वेळेवर पोंचेल कीं नाहीं, या एका प्रश्नावर आमचीं जेवणें थंड होत असत.

अक्का कमलकुमारीसाठीं रडत असे. मी रडत नसें, परंतु उदयभानूचा मला मनस्वी राग होता. अंगणांतल्या एका पेरूच्या झाडाला मीं त्याचें नांव दिलें होतें आणि रोज सायंकाळीं लाकडी तरवारीनें मी त्याला मारीत असें. झाड पुढें वाळलें. त्याला माझी तरवार कारण झाली कीं वाळवी, हें आज सांगतां येणार नाहीं.

गेल्या माघ महिन्यांत माझ्या नातीनें मला विचारलें, “आजोबा, त्या पुस्तकांतल्या जागा तुम्ही कधीं पाहिल्या आहेत का?” सिंहगड मीं अर्थात् पाहिला होता. कॉलेजांत असतांना आम्ही मित्र आतकरवाडीच्या वाटेनें दीड तासांत वर जात असूं. पण त्या फेऱ्यांतलें पिठलें, भाकरी आणि मडक्यांतलें दहीं एवढेंच मला नीट आठवतें. पुस्तक मनांत धरून मी त्या गडावर कधीं गेलों नव्हतों. तेव्हां जावयाचें ठरलें. निघतांना अक्काला नमस्कार करावयास गेलों. तिला आतां दोन जिने चढवत नाहींत. ती म्हणाली, “कमलकुमारीची जागा असेल तर तेवढी बघून ये हो.” मीं मान हलविली.

आम्ही प्रथम गेलों उमरठ्याला. हें गांव रायगड जिल्ह्यांत पोलादपूरच्या मुलखांत आहे. डोंगरांच्या कुशींत भाताचीं खाचरें, लाल माती आणि दाट झाडी. तानाजीची समाधि आणि शेलारमामांची समाधि येथें दाखवितात. कादंबरींतलें लग्नघर याच गांवीं. मांडव कोठें पडला असेल, पाहुण्यांच्या घोड्यांना कोठें बांधलें असेल, असले प्रश्न माझी नात विचारीत होती आणि मी, जणूं त्या लग्नाला स्वतः गेलों होतों अशा थाटांत, उत्तरें देत होतों. गडावर पडलेल्या तानाजीचा देह मढेघाटाच्या वाटेनें खालीं उतरवून उमरठ्यास आणला, अशी परंपरा आहे. आणि घाटाला तें नांवही त्यावरूनच पडलें असें सांगतात. त्यामुळें एकाच पुरुषाच्या दोन समाधि आहेत, एक तो पडला तेथें आणि एक तो परतला तेथें. समाधीपाशीं कोणीं तरी झेंडूचीं ताजीं फुलें वाहिलेलीं होतीं.

सिंहगड पुण्याच्या नैर्ऋत्येस, समुद्रसपाटीपासून सुमारें 1300 मीटर उंच. आतां मोटार पुणें दरवाज्याच्या खालपर्यंत जाते आणि पंचाहत्तरीच्या माणसाला तें सोईचें असतें. कादंबरीचा गड मनांत घेऊन आलेल्याला पहिला धक्का दूरदर्शनचा उंच मनोरा देतो. तो इतक्या लांबून दिसतो कीं तरुणपणीं राजगडावर गेलों असतां, सिंहगड कोणता म्हणून विचारावें लागलें नव्हतें. मनोऱ्याला मीं तेव्हां पुष्कळ दूषणें दिलीं. आज मात्र त्याचे आभार मानतों, कारण त्यामुळेंच एक गोष्ट डोळ्यांना पटली होती. राजगडाहून सिंहगड सरळ रेषेंत पंधरा किलोमीटरांच्या आसपास आहे आणि मधें आड येणारें कांहीं नाहीं.

या गोष्टीचें महत्त्व काय, तें सांगतों. तुळशीदास शाहिराचा तानाजीवरचा पोवाडा प्रसिद्ध आहे. अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनीं 1891 सालीं छापलेल्या पोवाड्यांच्या संग्रहामुळें तो सुशिक्षितांच्या हातांत आला. त्या पोवाड्यांत जिजाबाई प्रतापगडावरून सिंहगड पाहतात आणि तो आपणांस हवा म्हणून हट्ट धरतात. प्रतापगडाहून सिंहगड पन्नास किलोमीटरांच्या वर. शाहिराच्या दृष्टीला अंतर नसतें, ही गोष्ट निराळी. पण त्याच्या फार पूर्वीं, सन 1697 च्या सुमारास, कृष्णाजी अनंत सभासदानें जी बखर लिहिली तींत असें आहे कीं, गड हातीं आल्यावर मावळ्यांनीं वरच्या घरांना आग लावली आणि तो उजेड महाराजांनीं राजगडावरून पाहिला. एकदां राजगडावर उभें राहिलेल्या माणसाला हें वाक्य वाचतांना शंका येत नाहीं. माघ वद्य नवमीची रात्र, म्हणजे चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवणार. त्या काळोखांत पंधरा किलोमीटरांवरचा वणवा स्पष्ट दिसतो. ती तारीख 4 फेब्रुवारी 1670.

गडाच्या पश्चिमेस जो कडा आहे त्याला डोणागिरीचा कडा किंवा तानाजीकडा म्हणतात. तेथें जाऊन माझी नात पोटावर पालथी पडली आणि खालीं पाहूं लागली. मीं तिचे पाय धरून ठेवले. कडा पाहिला म्हणजे घोरपडीची गोष्ट आठवतेच. यशवंती नांवाची घोरपड, तिला बांधलेला दोर, ती एकदां परत फिरते, तेव्हां तानाजी तिला दटावतो. हें सारें पोवाड्यांत आहे, आणि लहानपणीं आम्हांला त्या घोरपडीविषयीं तानाजीच्या खालोखाल आदर होता. सभासदाला ती घोरपड ठाऊक नाहीं. तो म्हणतो कीं पांचशे निवडक माणसें घेऊन तानाजी गडाखालीं आला, दोन धाडसी मावळे रात्रीं वानरांप्रमाणें कडा चढून गेले, आणि त्यांच्या मागून तीनशे माणूस वर चढला. मला स्वतःला हें घोरपडीहून अधिक थरारक वाटतें. त्या दोघांचीं नांवें बखरकारानें दिलेलीं नाहींत. उमरठ्यास फुलें आहेत, गडावर पुतळा आहे, यशवंतीलासुद्धां नांव मिळालें आहे. कड्याला हातापायांच्या बोटांनीं चिकटून सर्वांआधीं वर गेलेल्या त्या दोघांना मात्र कांहीं मिळालें नाहीं.

दोर कापल्याची गोष्टही अशीच आहे. तानाजी पडल्यावर मावळे मागें फिरूं लागले, तेव्हां सूर्याजीनें दोर कापून टाकले, असें आपण शाळेंत शिकलों. ग्रँट डफनें 1826 सालीं प्रसिद्ध केलेल्या इतिहासांत सूर्याजी मावळ्यांना दोर नाहींसे झाले आहेत असें *सांगतो*. त्यानें ते खरोखर कापले होते कीं पळणाऱ्यांचे पाय थांबावेत म्हणून तसें म्हटलें, याचा उलगडा तेथें नाहीं. मला वाटतें, कापण्यापेक्षां म्हणणें हेंच त्या वेळीं जास्त उपयोगी होतें.

आतां नांवाविषयीं, कारण कादंबरीचें सारें नांवच गडाच्या नांवावर उभें आहे. कोंढाणा घेतांना सिंहासारखा तानाजी गेला म्हणून महाराजांनीं गडाचें नांव सिंहगड ठेविलें, अशी आपली समजूत. परंतु तानाजी पडण्याच्या सात वर्षें आधीं, 1663 च्या एप्रिलांतल्या शिवाजी महाराजांच्या एका पत्रांत, या गडावर फितवा झाल्याची बातमी आहे आणि तेथें गडाला सिंहगडच म्हटलेलें आहे. म्हणजे कोंढाणा आणि सिंहगड हीं दोन्ही नांवें तानाजीपूर्वींच चालत होतीं. सभासदाच्या बखरींत महाराजांच्या तोंडीं जो उद्गार आहे त्यांत सिंह नाहींच. एक गड घेतला आणि एक गड गेला, या अर्थाचें तें बोलणें आहे. तानाजी हाच एक गड होता, असा त्याचा भाव. हें मीं नातीला सांगितलें तेव्हां ती थोडी हिरमुसली. पण क्षणभरानें म्हणाली, “मग हें तर जास्त चांगलें आहे, आजोबा. सिंह गेला तर दुसरा सिंह येईल. माणूसच गड असेल तर तो गेल्यावर राहायचें कोठें?” माझ्यापाशीं याला उत्तर नव्हतें.

गडानें एक तिसरें नांवही धारण केलें होतें. 1703 सालीं तो औरंगजेबाच्या हातीं गेला तेव्हां बादशहानें त्याचें नांव बक्षिंदाबक्ष ठेविलें. तें टिकलें नाहीं.

कादंबरींत मोहिमेला कारण होतात जिजाबाईंची इच्छा आणि कमलकुमारीच्या लग्नाची जवळ येणारी तिथि. इतिहासांत कारण अधिक रूक्ष आहे. 1665 च्या जूनमध्यें पुरंदरचा तह झाला आणि महाराजांना 23 किल्ले मिर्झा राजा जयसिंगाच्या हवालीं करावे लागले. त्यांत हा गड होता. मग आग्र्याची कैद आणि सुटका झाली, मग तीन वर्षें वरवरची शांतता गेली, आणि 1670 च्या आरंभीं महाराजांनीं ते किल्ले परत घेण्यास सुरुवात केली. त्यांत सिंहगड पहिला. महिन्याभरानें पुरंदर आला. पुण्याच्या मुलखावर पहारा ठेवणारा आणि राजगडाकडे डोळा लावून बसलेला हा गड शत्रूकडे असतां दुसरी कोणतीही हालचाल करणें कठीण होतें. लग्न टाकून तानाजी आला असेल तर तें या निकडीसाठीं आला. कोणा स्त्रीच्या सुटकेची तिथि त्याला कोणीं सांगितलेली नव्हती.

कड्यावरून आम्ही कल्याण दरवाज्याकडे वळलों. परंपरा म्हणते कीं सूर्याजीची तुकडी या बाजूला होती. अक्का तें प्रकरण वाचीत असतां दरवाज्याच्या लोखंडी खिळ्यांचा आवाज मला ऐकूं येत असे. प्रत्यक्षांत येथें एकामागें एक दोन दरवाजे आहेत आणि त्यांवरचा लेख बाळाजी बाजीरावाच्या कारकीर्दींतला, शके 1672 चा, म्हणजे सन 1750 चा आहे. जो दरवाजा मी साठ वर्षें सूर्याजीसाठीं उघडीत होतों तो सूर्याजीच्या नंतर ऐंशी वर्षांनीं उभारलेला निघाला. मीं दरवाज्याच्या दगडाला हात लावला. ऊन लागून तो तापला होता. राग मात्र आला नाहीं.

दरवाज्याच्या मागच्या बाजूला एक टेंकाड आहे. त्यावर एक चौकोनी दगड आहे. गडावरच्या एका दहीं विकणाऱ्या बाईंनीं तो आम्हांला लांबूनच दाखविला आणि सांगितलें, “तो उदेभानाचा.”

श्रोतेहो, खरें सांगावयाचें तर या दगडासाठींच मी आज बोलावयास उभा आहें. उदेभान राठोड हा 1670 सालीं या गडाचा किल्लेदार होता. सभासदाच्या बखरींत तो येतो तो लढतांनाच येतो. तानाजी आणि उदेभान समोरासमोर आले, तानाजीची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाहीं, तेव्हां डाव्या हातालाच ढाल करून तो लढला, आणि दोघेही पडले. दोघेही पेटून लढले आणि दोघेही गेले, अशी त्या बखरकाराची वाटणी आहे. तीत हातचें राखलेलें कांहीं नाहीं. सभासद हा महाराजांच्या दरबारांतला माणूस. बखर लिहिली तीही राजाराम महाराजांसाठीं. शत्रूला काळें फांसण्याची त्याला मुभा होती, आणि त्यानें ती घेतली नाहीं. घटनेला तेव्हां तीस वर्षेंही झालीं नव्हतीं.

पोवाड्यांत येतां येतां उदेभान बदलला. त्याला बारा पुत्र झाले, अठरा बायका झाल्या, चंद्रावळी नांवाचा हत्ती मिळाला. शाहिराला डफाच्या ठेक्यावर सभा धरून ठेवावयाची असते. शत्रू जितका अचाट तितका आपला वीर मोठा. यांत उदेभानाची निंदा आहे असें मी म्हणणार नाहीं. तो राक्षसासारखा झाला, पण राक्षसालाही एक प्रकारची प्रतिष्ठा असते. कादंबरींत मात्र तो उदयभानु झाला, आणि त्याचें पाऊल एका विधवेच्या चितेपाशीं पडलें. त्यानंतर तो पुन्हां नीट उभा राहिला नाहीं. 2020 सालीं तानाजीवर जो हिंदी चित्रपट आला तोही नातीनें मला दाखविला आहे. त्यांतही उदयभान आहे आणि त्याच्या कैदेंत कमल नांवाची विधवा आहे. हरिभाऊंनीं 1903 च्या सुमारास लिहिलेली गोष्ट शंभराहून अधिक वर्षांनीं, मराठी न जाणणाऱ्या प्रेक्षकांसमोर, इतिहास म्हणून बसली होती. सभासदाच्या बखरींत कमलकुमारी नाहीं. तिच्यावर अत्याचार करणारा उदेभानही अर्थात् नाहीं.

हरिभाऊंना दोष देणें सोपें आहे आणि मी तें करणार नाहीं. त्यांच्या काळीं अस्सल कागद कितीसे छापले गेले होते? राजवाड्यांचा पहिला खंड 1898 सालचा. भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना तर 1910 सालची. शिवाय ते इतिहास लिहीत नव्हते. आपल्या पत्राचें नांवच त्यांनीं ‘करमणूक’ ठेविलें होतें. शेंकडों पानें वाचकाला बांधून ठेवावयाचीं तर ‘किल्लेदार नेमणुकीवर आला, पहाऱ्यावर राहिला आणि मारला गेला’ एवढ्यानें भागत नाहीं. खलपुरुष लागतो. तो बाहेरून आणावा तर कथा सैल होते; म्हणून जो हातीं होता, ज्याचें नांव बखरींत होतें, त्याच्याच गळ्यांत तें काम पडलें. उदेभानाचे वंशज कोणी पुण्यास येऊन तक्रार करणार नव्हते.

मला अधिक कोड्यांत टाकते ती कमलकुमारी. ज्या हरिभाऊंनीं ‘पण लक्षांत कोण घेतो?’ लिहून एका विधवेचे हाल असे मांडले कीं घराघरांतल्या वडीलधाऱ्यांनीं डोळे पुसले, त्याच हरिभाऊंनीं येथें सती जाऊं पाहणाऱ्या स्त्रीला नायिका केलें आणि तिला चितेवरून ओढणाऱ्याला नीच ठरविलें. कादंबरी लिहिली गेली तेव्हां सती बंद होऊन सत्तराहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. त्या टेंकाडावर जातांना मीं नातीला कथेचा हा भाग सांगत होतों. ती मधेंच थांबली. “म्हणजे उदयभानूनें तिला जळण्यापासून वांचविलें?” तिनें विचारलें. मीं म्हटलें, “हो, पण स्वतःसाठीं.” ती म्हणाली, “तें वाईटच. पण ती जळावी असें वाटणारे बाकीचे सगळे चांगले होते का?” पंचावन्न-साठ वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. अक्काला सुचला होता कीं काय, तें मला तेव्हां ठाऊक नव्हतें.

दगडापाशीं आम्ही पोंचलों. त्यावर शेंदूर नाहीं, अक्षरें नाहींत. दोन मुलगे त्यावर बसून भाजलेलीं कणसें खात होते. आम्हांला पाहून त्यांनीं अदबीनें जागा करून दिली, आम्हांलाही बसावयाचें असेल असें समजून. हा दगड खरोखर त्याचाच कशावरून, असें इतिहासाचा अभ्यासक विचारील, आणि त्यानें विचारावेंच. येथें लेख नाहीं. आहे ती लोकांनीं जपलेली आठवण. परंतु लोकांच्या आठवणीविषयींच मला नवल वाटलें. हजारो माणसें कादंबरी वाचून, चित्रपट पाहून या गडावर येतात आणि त्यांच्या मनांत उदयभानूविषयीं द्वेष असतो. तरी येथल्या लोकांनीं गडासाठीं मेलेल्या शत्रूच्या किल्लेदाराची खूण राखली आहे, ती कोणी उपटून टाकलेली नाहीं, आणि तिचें नांव विचारलें तर दहीं विकणारी बाई तें शांतपणें सांगते. सभासदानें बखरींत केलेली वाटणी गडावर अजून चालू आहे.

मीं पायांतलें काढलें. लहानपणींच्या त्या पेरूच्या झाडाची आठवण झाली आणि थोडें हंसूं आलें. नातीनें आजूबाजूला शोधून रानांतलीं पिवळीं फुलें आणलीं. मुलगे कणसें खावयाचें थांबून पाहूं लागले. त्यांतल्या एकानें विचारलें, “कोणाचें आहे हो हें?” मीं सांगितलें, आणि तो गोंधळून म्हणाला, “पण तो तर व्हिलन ना?” मग दोघेही दगडावरून उठून उभे राहिले.

उतरतांना राजाराम महाराजांच्या समाधीपाशीं गेलों. जिंजीचा वेढा सोसून परत आलेला हा राजा 1700 च्या मार्चमध्यें याच गडावर वारला, वयाच्या तिसाव्या वर्षीं. औरंगजेबासारख्या शत्रूशीं ज्यानें राज्य हरवूनही झगडा चालू ठेवला, त्याच्या समाधीजवळून लोक पिठल्याच्या वासानें पुढें निघून जातात. त्याच्यावर कोणीं हरिभाऊंनीं कादंबरी लिहिली नाहीं, एवढाच त्याचा अपराध. एका रात्रीच्या कथेनें या गडाचीं बाकीचीं सगळीं शतकें झांकून टाकलीं आहेत. त्याच्याही पूर्वीं चौदाव्या शतकांत नाग नायक नांवाच्या कोळ्यानें हाच गड महंमद तुघलखाविरुद्ध आठ महिने लढविला होता. तो तर अभ्यासकांपुरताच उरला आहे.

घरीं परतल्यावर दुसऱ्या दिवशीं अक्काकडे गेलों. ती खाटेवर बसून मेथी निवडीत होती. मीं सांगितलें कीं कमलकुमारीची जागा गडावर कोठेंही नाहीं. असावयाचें कारणही नाहीं. तिला आश्चर्य वाटलेलें दिसलें नाहीं. मग मीं त्या दगडाविषयीं सांगितलें, फुलांविषयीं सांगितलें, आणि नातीनें विचारलेला प्रश्नही सांगितला. अक्का पुष्कळ वेळ मेथीचीं पानें खुडीत राहिली.

“तुला आठवतें का,” ती म्हणाली, “कमलकुमारी सती जाण्यास निघते, तें पहिलें प्रकरण मी तुम्हांला कधीं वाचून दाखवीत नसें. पानें हरवलीं म्हणून सांगत असें.”

“म्हणजे हरवलीं नव्हतीं?”

“मीच काढून ठेवलीं होतीं. ती जळावयास निघते आणि आपण तिच्या बाजूचे, हें मला वाचवत नसे.” तिनें उशाखालच्या पेटीकडे बोट दाखविलें. “अजून असतील त्यांत. घेऊन जा, आणि तुझ्या नातीला दे.”